जरांचं मडकं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या नदीकाठी ती घडली, त्या नदीलाही आपलं तेव्हाचं नाव आज आठवणार नाही.

त्या नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. या काठाचे लोक आपल्या गावाला अलीकड म्हणत आणि समोरच्या गावाला पलीकड. गंमत अशी, की समोरचे लोकही नेमकं तसंच म्हणत. दोन्ही गावांना दोन्ही नावं होती, आणि त्यावरून कधी भांडण झालं नाही.

पूर्वी नदीत एक लांबरुंद खडक होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या खडकावरून, गुडघाभर पाण्यातून, बायामाणसं ये-जा करत. सोयरिकी जमत, बारशी होत, भाजीच्या पाट्या इकडून तिकडे जात. मग एका वर्षी मोठा पूर आला आणि तो खडकच उखडून घेऊन गेला. नदी खोल झाली, पाण्याला ओढ आली.

तेव्हापासून नदी ओलांडायची ती सांगडीवर. रिकामी मडकी दोरीने एकमेकांना बांधायची, त्यांवर छाती टेकायची आणि पाय मारत निघायचं, म्हणजे सांगड. ज्यांचं पोटच त्यावर होतं अशी मोजकी माणसं ते धाडस करत. बाकीचे काठावर उभे राहून बघत.

आपल्या गोष्टीतला माणूस या काठाच्या गावाचा मुख्य होता. सगळे त्याला आप्पा म्हणत.

आप्पा थकला होता. काम करून आलेला थकवा जेवून-झोपून जातो. आप्पाचा थकवा तसा नव्हता. तो ऐकून ऐकून थकला होता.

दर वर्षी सुगी संपली की गावाची सभा बसे, आणि दर वर्षी तोच प्रश्न निघे. नदीवर तर बांधायची का? माणसं, गुरं, धान्य पलीकडे नेणाऱ्या मोठ्या नावेला त्या मुलखात 'तर' म्हणत. काही गावांत अजूनही म्हणतात. दोन्ही काठांना दगडी धक्का, आरपार ओढलेला जाड दोर, आणि गरीब असो की श्रीमंत, कुणालाही पलीकडे सोडणारी गावाची तर. नावाड्यांचं पोट गावाने सांभाळायचं.

ऐकायला बरं वाटे. पण त्याला रानातलं उत्तम सागवान लागणार होतं, घरटी एका माणसाची मेहनत लागणार होती, आणि सुतार, पाथरवट, नावाडी यांना पोसायला कोठारातलं धान्य लागणार होतं.

मोठ्या कामासाठी सभेचा एक रिवाज होता. तो वाईट हेतूने पडलेला नव्हता. फार पूर्वी एका मुख्याने उत्साहाच्या भरात टेकडीवर दगडी धर्मशाळा बांधली होती. खांबांवर नक्षी, छताला कळस. पण तिथे पाणी नव्हतं आणि वाटही तिकडून जात नव्हती. त्या धर्मशाळेत आजवर घुबडांशिवाय कुणी मुक्काम केला नव्हता. तेव्हापासून गावाने ठरवलं, की मोठ्या खर्चाआधी प्रत्येकाची शंका ऐकायची. सभेच्या मधोमध एक मडकं ठेवायचं. ज्याला शंका असेल त्याने 'जर' म्हणून ती मांडायची आणि मडक्यात एक खडा टाकायचा. शंका फिटली की खडा बाहेर काढायचा. मडकं रिकामं झालं की कामाला लागायचं. तोवर नाही.

मडकं कधी रिकामं झालं नाही.

"जर बांधता बांधता सागवान कमी पडलं, तर?" एक जण म्हणे. खडा पडे.

"जर दोर तुटला, तर?"

"जर पलीकडचे लोक रोज इकडे येऊन बसले, तर?"

"आणि जर आपलेच लोक तिकडे जाऊन बसले, तर?" शेजारचा म्हणे. दोघांचेही खडे मडक्यात पडत.

सगळ्यांत जड खडा असे कोठाऱ्याचा. कोठारी म्हणजे गावाच्या धान्यकोठाराचा राखणदार. माणूस सज्जन. मागच्या दुष्काळात त्याने आधी आपल्या घरच्या भाकरीचे तुकडे केले होते आणि मगच गावाला अर्ध्या भाकरीवर आणलं होतं. तो सावकाश उठे, हात जोडी आणि म्हणे, "जर कोठार उपसून तर बांधली आणि पाऊस गेला, तर? मग तरीच्या फळ्या शिजवून खायच्या का?"

लोक हसत, पण माना डोलावत. कारण त्याचं बोलणं खोटं नव्हतं.

शेवटी कुणीतरी हमखास म्हणे, "पण मुळात नदी ओलांडतं कोण? मूठभर कुंभार. मूठभर माणसांसाठी एवढा खटाटोप?"

मग सभा उठे. घरी जाताना लोक म्हणत, "आमच्या गावात जर भरपूर आणि तर एकही नाही." हा विनोद पहिल्या वर्षी फार चालला. पुढे कुणी हसेनासं झालं, पण म्हणायची सवय राहिली.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, मुख्य तर आप्पा होता ना, मग त्यानेच का नाही ठरवून टाकलं?

त्याचंही कारण होतं. पलीकडे आप्पाची थोरली बहीण होती, आक्का. खडक होता तेव्हाच तिचं लग्न झालं होतं. लुगड्याचा काठ वर धरून, पाण्यातून चालत ती सासरी गेली होती. आप्पा तेव्हा लहान होता. तो रडायला लागला तशी ती मागे वळून म्हणाली होती, "रडतोस काय, धाकट्या? हाक मारलीस तर ऐकू येईल मला."

पूर आल्यावर हाक ऐकू येईनाशी झाली. पाण्याचा आवाज हाकेपेक्षा मोठा होता. तरुणपणी आप्पाने एकदा सांगडीवर जाऊन पाहिलं. लोकांनी त्याला पार खालच्या वळणावरून अर्धमेला बाहेर काढला, आणि आईने पुन्हा पाण्यात न उतरण्याची शपथ घातली. नदीला वळसा घालून जायचं तर उगमापर्यंतचं घनदाट अरण्य आडवं होतं.

मग बहीण-भावांनी एका कुंभारणीच्या हाती निरोप धाडून एक खूण ठरवली. आक्काने रोज सकाळी तिच्या काठच्या उंबरावर आपलं तांबडं लुगडं टाकायचं. आप्पाने आपल्या काठच्या करंजावर पांढरं उपरणं टाकायचं. मी आहे. मीही आहे. एवढंच त्यांचं बोलणं. आईबाप गेले, मुलं मोठी झाली, सुना आल्या, सगळं त्या दोन वस्त्रांमध्ये मावलं.

गावाला हे ठाऊक होतं. आणि म्हणूनच आप्पाला धाक होता. आपण 'तर हवी' म्हटलं की कुणीतरी म्हणणारच, बहिणीला भेटायला निघालाय आणि त्यासाठी गावाचं कोठार उपसतोय. मुख्याने बाजू घ्यायची नसते. आप्पाने घेतली नाही. गावोगाव त्याचं नाव न्यायी म्हणून झालं, आणि ते होता होता त्याचे केस पांढरे झाले.

अशात एका वर्षी खड्यांच्या भाराने सभेचं मडकं बुडातून तडकलं. चांगली माती पलीकडे होती. म्हणून पलीकडच्या ठकूबाई कुंभारणीला निरोप गेला, की नवं मडकं हवं, आधीच्यापेक्षा मोठं. बहीण-भावांचे निरोप नेणारी कुंभारीण ती हीच.

त्याच दिवसांत आणखी एक झालं. समोरच्या उंबरावर लुगडं दिसेना. आज नाही, उद्याही नाही. आप्पा सकाळी करंजाखाली जाऊन उभा राही, ऊन डोळ्यांवर येईपर्यंत बघे, आणि परत येई. घरात कुणी काही विचारलं तर म्हणे, "वारा असेल तिकडे."

सभेच्या दिवशी ठकूबाई आली. नखशिखांत भिजलेली, कोपर सोलवटलेलं, नव्या मडक्याला लेकरासारखं कवटाळलेलं.

"अगं, काय हे?" कोठारी म्हणाला. "एवढ्या पाण्यातून आजच यायचं काय अडलं होतं?"

"सांगड मध्यावर फुटली, कोठारीदादा," ती पदर पिळत म्हणाली. "हे तुमच्या सभेचं मडकं जवळ होतं म्हणून वाचले. यालाच मिठी मारून आले. दर खेपेला मोठं मोठं मडकं मागता ते एकदाचं कामी आलं."

"पण सभा चार दिवसांनी झाली असती."

"असं कसं? मडकं नाही तर सभा नाही, आणि सभा नाही तर माझं मडकं कोण घेणार? तुमच्या जरांवर माझी चूल पेटते."

लोक हसले. आप्पा हसला नाही. सगळे बसायला लागले तसा तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, "ठकूबाई, आक्का..."

"आहे, आप्पा. आक्का आहे."

"मग लुगडं?"

ठकूबाई बराच वेळ तोच पदर पिळत राहिली. त्यातून आता पाणीही निघत नव्हतं.

"लुगडं मी टाकत होते, आप्पा. आक्काला दिसत नाही. झाली त्याला काही वर्षं. उंबरापर्यंत तिला चालवतही नाही. यंदा तुमचं मडकं नि बाकीचा माल आव्यात भाजायला घातला होता, जाळ सोडून हलता येईना. तेवढे दिवस राहिलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"ती नको म्हणाली. रोज सकाळी विचारते, धाकट्याचं उपरणं आहे का गं? मी म्हणते, आहे. धुक्यात काठ दिसत नाही तेव्हाही म्हणते, आहे. एवढं खोटं बोलते मी. लागायचं ते पाप लागो."

आप्पा जाऊन आपल्या जागेवर बसला.

नवं मडकं मधोमध ठेवलं होतं. अजून त्याच्यावर नदीचं पाणी चमकत होतं. सभा सुरू झाली आणि खडे पडायला लागले. सागवानाचा पडला. दोराचा पडला. कोठारी उठला, हात जोडले, आणि त्याचाही पडला. कुणीतरी म्हणालं, "पण मुळात नदी ओलांडतं कोण?"

"जे बुडायला तयार आहेत तेच ओलांडतात," ठकूबाई कोपऱ्यातून म्हणाली. "बाकीचे काठावर उभे असतात. म्हणून ते तुमच्या मोजणीत येत नाहीत."

ज्याने विचारलं होतं त्याने हातातला खडा तरीही टाकलाच.

आप्पा त्या मडक्याकडे बघत होता. मघाशी हे रिकामं होतं, तेव्हा एक जितं माणूस तोलून याने काठाला आणलं होतं. आता हे नदीत सोडलं असतं तर दगडासारखं तळाला गेलं असतं.

तो उठला. डोक्यावरचं पागोटं काढून त्याने मुख्याच्या आसनावर ठेवलं आणि चालत मडक्यापाशी आला.

"मला एक जर टाकायचा आहे," तो म्हणाला. "मुख्य म्हणून नाही. गावातला एक माणूस म्हणून."

"आप्पा, पण तुमची बहीण पलीकडे..." कुणीतरी चाचरत म्हणालं.

"हो. माझी बहीण आहे पलीकडे. म्हणूनच इतकी वर्षं गप्प बसलो. लोक काय म्हणतील, या एका खड्याने माझं तोंड भरलं होतं. आता थकलो. काय म्हणायचं ते म्हणा." त्याने खाली वाकून एक खडा उचलला. "माझा जर एवढाच आहे. जर नाही बांधली, तर?"

खडा पडला. त्याचा आवाज बाकीच्या खड्यांहून काही वेगळा नव्हता.

"बांधली तर काय होईल, हे आपण आयुष्यभर विचारलं," आप्पा म्हणाला. "नाही बांधली तर काय होतं, याचा खडा या मडक्यात कधीच पडला नाही. न बांधणं फुकट असतं का? याचं उत्तर मला द्या, मी खडा काढतो आणि घरी जातो."

मग बायकांच्या घोळक्यातून एक आवाज आला, "माझ्या लेकीचं पलीकडे जमत होतं. नदीपायी मोडलं." एक म्हातारा म्हणाला, "वैद्य त्या काठी होता आणि माझा भाऊ या काठी." बाकीचा प्रत्येक जण आपापलं काहीतरी आठवत बसला आहे, हे चेहऱ्यांवर दिसत होतं.

सगळ्यांत शेवटी कोठारी उठला. या वेळी त्याने हात जोडले नाहीत.

"एका वर्षी आपल्याकडे अमाप पिकलं होतं," तो म्हणाला. "कोठारात मावेना. बाहेर राहिलं ते भिजलं, आंबलं. आपण सगळ्यांनी मिळून ते नदीत ओतलं. आठवतंय? त्याच वर्षी पलीकडे टोळधाड आली होती. आपण ओतत होतो आणि तिकडची माणसं काठावर बसून बघत होती."

आठवत सगळ्यांनाच होतं.

"मी दर वर्षी विचारतो, पाऊस गेला तर खायचं काय. पण दोन्ही काठांचं पीक एकाच वर्षी गेल्याचं मला आठवत नाही. त्यांचं गेलं तेव्हा आपलं होतं. आपलं गेलं तेव्हा त्यांचं होतं. मी एकाच कोठाराची राखण करत बसलो. दुसरं समोरच होतं."

तो मडक्यापाशी गेला, आत हात घालून चाचपडला, आणि आपला खडा काढून घेतला.

सगळ्यांनी काढले नाहीत. काही खडे आत राहिले. आप्पा म्हणाला, "राहू द्या. सगळ्या शंका फिटेपर्यंत थांबायचं म्हटलं, तर माणसाचं लग्नसुद्धा व्हायचं नाही."

"आणि झाल्यावर तर मुळीच फिटत नाहीत," मागून कुणीतरी म्हणालं, आणि किती तरी वर्षांनी ती सभा मोकळी हसली.

"पण धर्मशाळेची चूक पुन्हा नको," कोठारी म्हणाला. "नक्षी नको, कळस नको. आणि धक्का कुठे हवा, ते आधी पलीकडच्यांना विचारा. धर्मशाळा बांधताना वाटसरूला कुणी विचारलंच नव्हतं."

असं काम सुरू झालं. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. काम सोपं गेलं नाही. सागवान खरंच कमी पडलं. दोर एकदा खरंच तुटला. ठरवलं होतं त्याहून कितीतरी जास्त धान्य गेलं, आणि एक पुरा उन्हाळा गावाने नाचणीच्या आंबिलीवर काढला. लोक कुरकुरले, आप्पाला टोमणे मारले. "आंबील गोड लागतेय ना आप्पा? बहिणीला पण न्या थोडी." आप्पा ऐकून घेई. ऐकायची त्याला सवय होती.

शेवटी तर पाण्यावर तरली. दोर धरून नावाडी ती ओढू लागले आणि पहिल्या खेपेला आप्पा पलीकडे गेला.

आक्का दारात बसली होती. पावलं वाजली तशी म्हणाली, "ठकू, कोण आलंय गं?"

आप्पाने खाली बसून तिचा हात आपल्या चेहऱ्यावर ठेवला. ती कपाळ, गाल, मिशा चाचपत राहिली.

"कुणी तरी म्हातारा आहे," ती म्हणाली.

"धाकटा आहे मी, आक्का."

हात थांबला. "इतका म्हातारा? काय करत होतास रे इतकी वर्षं?"

"सभा घेत होतो."

"कसली?"

"तुझ्याकडे यायचं की नाही, याची."

आक्का हसली. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "मला माहेरी ने."

तिला उचलून तरीत बसवलं. तिने एका हाताने भावाला धरलं आणि दुसरा हात पाण्यात सोडला. बाळपणी चालत ओलांडलेलं ते पाणी बोटांमधून वाहत राहिलं. थोड्याच वेळात तर धक्क्याला लागली.

"का थांबली?" आक्काने विचारलं.

"पोचलो."

"कुठे?"

"अलीकडे. घरी."

आक्काने पाण्यातला हात वर घेतला. तो अजून गारठलाही नव्हता.

"एवढंसंच होतं?" ती म्हणाली.

आप्पाने तिचा ओला हात आपल्या उपरण्याने पुसला.

त्या हिवाळ्यात आक्का माहेरच्या ओट्यावर ऊन खात बसली. पुढचा हिवाळा तिला लाभला नाही. उंबर आणि करंज तसेच उभे राहिले. त्यांवर आता कुणी काही वाळत घालत नाही.

सभेचं मडकंही राहिलं. पण रिवाज थोडा बदलला. कुठलंही मोठं काम निघालं की मुख्य आधी स्वतः एक खडा टाकतो आणि विचारतो, "जर नाही केलं, तर?" बाकीचे खडे त्यानंतर. कधी कधी त्या पहिल्या खड्याचं उत्तर असं निघतं, की नाही केलं तर काहीच बिघडत नाही. मग ते काम गाव सोडून देतं. धर्मशाळा एकच पुरे.

आणि तर? ती दोन्ही काठांमध्ये जाते-येते. तिला जरा उशीर झाला की लोक नावाड्यावर खेकसतात. ती नव्हती तेव्हाचं कुणाला आठवत नाही.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: करण्याचा खर्च सगळ्यांना दिसतो, न करण्याचा दिसत नाही, पण तो रोज कुणी तरी भरतच असतं.